उन्हाळी शिबिर आणि सायनोटाइप
मुलीला कला आणि विज्ञान एकत्र शिकवणाऱ्या उन्हाळी शिबिराला पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय. त्यावर कुणीतरी दिलेलं ‘कला आणि विज्ञान एकत्र केलं की दोन्ही अर्धवट राहतात’ हे मत मला पटलं नाही. गेल्या मे महिन्यात पुण्यात अशाच शिबिराला गेले होते. तिथे आम्ही सायनोटाइप केलं, म्हणजे उन्हाच्या मदतीने कागदावर निळ्या-पांढऱ्या रंगात ठसा उमटवला. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं मिश्रण अंधाऱ्या खोलीत कागदाला फासायचं, वाळलं की त्यावर पान ठेवून उन्हात धरायचं. उन्हातल्या अतिनील किरणांनी मिश्रणातल्या लोहाचं फेरिक रूप बदलून फेरस होतं, त्यातून प्रशियन निळा हा गडद निळा रंग तयार होतो. पानाखालचं रसायन पाण्यात धुऊन जातं, तिथे पांढरा ठसा. शेवग्याची डहाळी झकास उमटली, जास्वंदीचा नुसताच धब्बा! मग वाद, कडा पुसट का? पाकळी कागदाला टेकलीच नव्हती. वर काच दाबल्यावर रेघ कशी धारदार आली. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या इंग्रज वनस्पतिअभ्यासिकेने तीच पद्धत वापरून शेवाळांच्या ठशांचं पुस्तक काढायला घेतलं, हेही तिथेच कळलं. (शेवटच्या दिवशीची भाषणं नसती तरी चाललं असतं.)

मुलीला पाठवायचं म्हणताय, तर फीच्या आधी एवढंच विचारा: रसायन मुलं स्वतः फासतात, की सर फक्त करून दाखवतात?