गाणं 'भरून घेणं', 'उतरवून घेणं' आणि 'जतन करणं', कोणता शब्द कुठं?

आमच्या गावात सप्त्याच्या वेळी बायकांच्या जुन्या ओव्यांचा कार्यक्रम ठेवलाय, पोरांनी बॅनरसाठी लिहून आणलं 'लोकगीतांचे संकलन व जतन'. आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणली, "जतन कुठं करायलात, तुम्ही तर भरून घ्यायलात." तेव्हापासून डोक्यात हेच घोळायलंय.

आमच्याकडं, म्हणजे परभणी भागात, रेकॉर्ड करण्याला म्हातारी माणसं अजून 'भरणं'च म्हणतात. कॅसेट भरून आणायचो तेव्हाचा शब्द. कागदावर लिहिलं की 'उतरवून घेतलं'. आणि 'जतन' हा शब्द मी लहानपणापासून ऐकला तो बियाण्याला. राखेत घालून, उतरंडीत ठेवून बी जतन करायचं, ते पुढच्या साली पेरायसाठी. शब्द मूळ 'यत्न' वरून आलाय, म्हणजे त्यात कष्ट आहेत, नुसतं ठेवून देणं नाही. माझं म्हणणं असं की हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि जगात लोकसंगीत गोळा करायचं जे काम झालं ते बघितलं तर हा फरक लख्ख दिसतो.

आधी सगळं उतरवून घेणंच होतं. ती रीत पुढंही चालली, इंग्लंडात सेसिल शार्प यांनी 1903 मध्येसुद्धा सॉमरसेट भागात एका माळ्याचं गाणं ऐकलं आणि तिथंच स्वर लिहून घेतले, पुढं हजारो चाली गोळा केल्या. पण वहीत काय येतं, लिहिणाऱ्याच्या कानाला जे कळलं तेवढंच, गाणाराचा हेल, मधेच घेतलेला दम, एखादा स्वर जरा चढा लागला ते सगळं बाहेर राहतं. एडिसनचा फोनोग्राफ, म्हणजे आवाज भरायचं यंत्र, 1877 चा, आणि 1890 मध्ये फ्यूक्स नावाच्या अभ्यासकानं अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वॉडी आदिवासींची गाणी मेणाच्या नळकांड्यावर भरली. तिथून भरून घेणं सुरू झालं. 1899 ला व्हिएन्नात, 1900 ला बर्लिनमध्ये आवाजांची संग्रहालयं निघाली, हंगेरीत बार्टोक आणि कोडाय हे दोघं संगीतकार फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यात फिरले. पण एका नळकांड्यात दोन-चार मिनिटंच मावायची, म्हणजे लांब गाण्याची पुढची कडवी गेलीच, आणि मेण असं की जितक्यांदा वाजवावं तितकं झिजायचं. ऐकलं की कमी होणारं गाणं. याला जतन कसं म्हणावं सांगा.

उमरग्याहून:
'बी जतन' पटलं. 'ओवी' बद्दल थोडी भर घालतो. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात (इ.स. 1129) महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात असा उल्लेख आहे, आणि तो दळताना नाही बरं का, 'कण्डने' म्हणजे कांडताना! आपलं कांडण, उखळ-मुसळ. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्याहून लई लांब नाही. म्हणजे नऊशे वर्षं हा शब्द बायकांच्या तोंडात आहे. त्यामानानं 'लोकगीत' कालचं. जर्मन विचारवंत हेर्डरनं 1773 मध्ये 'फोल्क्सलीड' म्हणजे लोकांचं गाणं असा शब्द घडवला, तीच कल्पना पुढं जगभर पसरली. गाणारी बाई कधी म्हणती का, थांबा, मी एक लोकगीत म्हणते? ती ओवीच म्हणते. बॅनरवर ओवीच ठेवा.

माजलगावकडून:
मला भरून घेण्याला एवढं खाली पाडलेलं आवडलं नाही. गिरणी आली, जाती अंगणात पालथी पडली, मग बी पेरायचं कुठं? गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचं काम केलं, शेकडो गावं, एक लाखाच्या वर ओव्या, आणि गोळा करणाऱ्यांत गावातल्याच बाया होत्या. आमच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांनी 1996 मध्ये भरल्या. भरल्या नसत्या तर आज मी फोनवर ऐकल्या असत्या का? या ओव्या जुन्या साच्यातल्या पण विषय बायांनी स्वतः आणलेला, हे लेखी इतिहासात कुठं सापडणार.
अजून एक. आर्नल्ड बाके नावाच्या डच अभ्यासकानं 1938 मध्ये दक्षिण भारतात गाणी भरली होती, नझीर जैराजभॉय आणि एमी कॅटलिन हे अभ्यासक 1984 मध्ये तीच घेऊन परत त्या भागात गेले, लोकांना ऐकवली. म्हणजे शब्द तीन नाहीत, चार आहेत. चौथा 'परत नेणं'.

पुन्हा मी:
माजलगावकर, तुमचं बरोबर आहे, मी घाईनं लिहिलं. परत नेणं हा मुद्दा डोक्यात नव्हता.

काल आजीच्या ओव्या भरल्या ते सांगतो. पहिल्यांदा जात्यावर बसवलं तर मोबाईलमध्ये नुसती घरघर, शब्दच कळंनात. भाचा म्हणला जातं थांबवा, नुसतं म्हणा. आजी दोन ओळी म्हणून अडली, हात मांडीवर गोल फिरायला लागला पण पुढचं येईना. मग शेजारची काकू आली, जात्याला समोरून खुंटा धरला, मोबाईल लांब उंबऱ्यावर ठेवला आणि धान्य न घालता हळू फिरवलं. आजीनं पहिली ओळ टाकली की दुसरी काकू उचलायची, अशा वीस-बावीस ओव्या आल्या. त्यातल्या चार-पाच काकूलाही माहीत नव्हत्या, तिनं आजीला तिथंच परत म्हणायला लावल्या, तोंडात बसेपर्यंत. भाच्यानं मोबाईल कधीच बंद केला होता.

बॅनर बदललाय, 'जात्यावरच्या ओव्या, म्हणा आणि भरून घ्या'. आता एक विचारायचंय. समोरची बाई दुसरी ओळ घेते त्याला आमच्याकडं 'ओवी उचलणं' म्हणतात. नांदेड, हिंगोली, धाराशिवकडं काय म्हणतात?