मदत हवी आहे: एथिलीन प्लॅटिनमवर बदलते, चांदीवर नाही; मग तांब्याचे काय?

नमस्कार. मी अंबाजोगाई येथे एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असून, धातूच्या पृष्ठभागावर अधिशोषित झालेल्या (म्हणजे चिकटून बसलेल्या) सेंद्रिय रेणूंवर पुढील आठवड्यात मला सेमिनार द्यायचा आहे. (विषय ऐकून आजी म्हणाली, कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक कळकते, तेच ना? तेथे धातू आंबटात विरघळतो. माझ्या विषयात धातू जागेवरच राहतो, बदलतो तो रेणू.)

प्लॅटिनमच्या (१११) पृष्ठभागावर (स्फटिकाचा अणू दाटीने रचलेला चेहरा) सुमारे १०० केल्विनला एथिलीन आडवे पडते, त्याचे दोन्ही कार्बन धातूच्या अणूंशी सिग्मा (थेट, एकेरी) बंध जोडतात आणि मूळचा दुहेरी बंध जवळजवळ एकेरी होतो. तापमान खोलीच्या तापमानाजवळ नेले की हायड्रोजन सुटतो आणि तीन प्लॅटिनम अणूंमधल्या खाचेवर उभे असलेले एथिलिडाइन (CCH₃ हा तुकडा) मागे उरते. स्वच्छ चांदीवर मात्र तेच एथिलीन सैल पाय-बंधाने (दुहेरी बंधातील इलेक्ट्रॉनांच्या आधारे) चिकटते व थोडे तापवताच जसेच्या तसे उडून जाते. आमच्या सरांनी याचे कारण डी-बँडने (धातूच्या डी-कक्षकांतून बनलेल्या ऊर्जापट्ट्याने) समजावले: प्लॅटिनमचा डी-बँड फर्मी पातळीपर्यंत (इलेक्ट्रॉन भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जेपर्यंत) पोचतो, चांदीचा पूर्ण भरलेला व बराच खाली असतो, त्यामुळे रेणूच्या अँटिबाँडिंग कक्षकाला (ज्यात इलेक्ट्रॉन गेल्यास बंध सैल होतो) इलेक्ट्रॉन देणे तिला फारसे साधत नाही.

येथेच माझे अडते. तांब्याचा डी-बँडही भरलेलाच आहे आणि एथिलीन त्यावरूनही अखंड सुटते. असे असताना आयोडोबेन्झिनचा (बेन्झिनच्या कड्याला आयोडीन जोडलेला रेणू) कार्बन-आयोडीन बंध त्याच तांब्यावर खोलीच्या तापमानाच्या बऱ्याच खाली कसा तुटतो आणि फेनिल गट (आयोडीन निघून उरलेली कडी) एकमेकांना जोडून बायफेनिल (दोन कड्यांचा रेणू) कसे होते? रसायनज्ञ उलमान यांची १९०१ची, तांब्यावर अशा दोन कड्या जोडण्याची अभिक्रिया आम्ही पाठ केली आहे, पण हे 'का' त्यात येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:
सरांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु अखंड रेणू किती घट्ट बसेल, एवढेच आपण त्यातून पाहिलेत. बंध तुटण्याचा हिशेब करताना तुटलेले तुकडे धातूला किती घट्ट धरतात तेही मांडावे लागते. कार्बन-आयोडीन बंध मुळात दुबळा, मोलमागे सुमारे २७० किलोज्यूलचा. शिवाय सुटलेले आयोडीन तांब्याला घट्ट चिकटते. एथिलीनमधील कार्बन-हायड्रोजन बंध सुमारे ४६० किलोज्यूलचा आहे आणि सुटलेल्या हायड्रोजनला तांबे त्या मानाने सैल धरते. सेमिनारमध्ये हे दोन हिशेब शेजारी शेजारी मांडा. चांदीवर आधी ऑक्सिजन बसवला तर काय होते, हेही तयार ठेवा: तेथे एथिलीनचे एथिलीन ऑक्साइड होते, आणि कारखान्यांत त्यासाठी चांदीच वापरतात.