जोतं नसलेला राजवाडा : तुमचेही अनुभव लिहा

चौकट
दोन दिवस घरात जोत्यावरून वाद चाललाय. कृष्णाकाठी गावी घर बांधतोय. कंत्राटदार म्हणतो तीन फूट जोतं हवंच. बाबा म्हणतात दारात एकसुद्धा पायरी नको, गुडघे साथ देत नाहीत. काल ते जेवणावरून उठून गेले आणि मला एकदम बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमचा सांसुसी राजवाडा आठवला.

२०१६ साली मी बर्लिनला होतो, तेव्हा आई आली होती. तिचेही गुडघे असेच. खालून ते द्राक्षमळ्याचे सहा टप्पे आणि १३२ पायऱ्या पाहून ती बाकावरच बसली. "तू जाऊन ये, मी इथूनच बघते." मग बस धरून मागच्या बाजूने, पवनचक्कीपाशी उतरलो. तिथून सगळं सपाट. राजवाडा म्हणजे बैठं घरच, एकमजली, पिवळं. बागेच्या बाजूला जमिनीपर्यंत आलेल्या उंच काचेच्या खिडक्या, त्याच दारं. खोलीतून पाऊल टाकलं की थेट गच्चीसारखी मोकळी बाग. आई म्हणाली, "म्हातारपणाचा विचार करून बांधलंय बघ."

खरं तर १७४५ मध्ये काम सुरू झालं तेव्हा प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक अवघा ३३ वर्षांचा होता. कच्चा आराखडा त्याने स्वतः काढला. वास्तुकार क्नोबेल्सडोर्फ सांगत होता, खाली जोतं घेऊन घर उचला आणि टप्प्याच्या कडेपर्यंत पुढे आणा, नाहीतर खालून बघणाऱ्याला ते अर्धं बुडाल्यासारखं दिसेल. राजाने ऐकलं नाही. १७४६ मध्ये वास्तुकाराला कामावरून दूर केलं आणि १ मे १७४७ ला वास्तुशांत, म्हणजे उद्घाटन. आजही पायथ्यापासून बघा, खालचा भाग कडेआड जातोच. वास्तुकाराचं खरं ठरलं. तरी आईचा हात धरून त्या दारांसमोर उभं राहिल्यावर मला राजाचंच पटलं.

आई जाऊन चार वर्षं झाली. कोणी तिथे किंवा अशा एखाद्या उन्हाळी राजवाड्यात गेलं असेल तर लिहा ना.

सासवडकर
द्राक्षमळा म्हणालात म्हणून विचारतो, तिथे अंजिरं आहेत असं पुतण्या सांगत होता. बर्फ पडतो तिथे अंजीर कसं जगतं? आमच्याकडे थंडीत जरा धुई आली तरी फळ उकलतं.

चौकट
@सासवडकर, आहेत. टप्प्यांच्या भिंतींत १६८ कोनाडे आहेत, प्रत्येकाला काचेची दारं. अंजीर आत, मधल्या भिंतींवर वेल. भिंती दक्षिणेकडे तोंड करून आणि आत वळलेल्या, ऊन साठून राहावं म्हणून. थंडीत दारं बंद. वेल पोर्तुगाल, इटली, फ्रान्सहून आणवले होते. आणि गंमत म्हणजे मळा आधीचा. टप्पे १७४४ मध्ये, घर त्यानंतर.

सासवडकर
म्हणजे आधी बाग धरली, मग शेतावर घर बांधलं. हा राजा आपला माणूस. आम्ही अंजिराचे खट्टा बहार आणि मीठा बहार दोन्ही हंगाम धरतो, पण काचेत कधी नाही. फोटो असेल तर टाका.

कुकरची_शिट्टी
भाजी फोडणीला टाकून लिहितेय, चुका असतील. मी आतूनही बघितलाय. संगीत दालनाचं छत वर मान करून बघा, मधोमध सोन्याचं कोळ्याचं जाळं आहे! भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं तेच कळत नाही, सगळीकडे वेलबुट्टी, शिंपले, फुलं, एक बाजू दुसरीसारखी नाही. रोकोको म्हणजे हेच असं गाइडबाई म्हणाल्या. दगड-शिंपल्यांच्या सजावटीला फ्रेंच शब्द होता, त्यावरून नाव. राजा तिथे बासरी वाजवायचा आणि साथीला कार्ल फिलिप एमॅन्युएल बाख. मोठ्या संगीतकार बाखचा मुलगा!! मी बासरी शिकत होते तेव्हा, रडूच आलं मला. शिट्टी झाली, येते.

निळीशाई
फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरच्या नावाने ओळखली जाणारी खोली चुकवू नका. पिवळ्या भिंतींवर लाकडात कोरलेली रंगीत फुलं, पोपट, माकडं. माझी तीन वर्षांची लेक जी थांबली ती हलेचना, एकेक माकड मोजत बसली. व्हॉल्टेअर १७५० ते ५३ पॉट्सडॅमला होता, पुढे राजाशी बिनसलं.

वरणफळ
@निळीशाई, लहान मूल घेऊन जाता येतं का? आम्ही मे महिन्यात जातोय. बाबागाडी चालते?

निळीशाई
बागेत चालते, टप्पे सोडून. आत जायला वेळेचं तिकीट आधी काढा, ऐन वेळी मिळत नाही. सोमवारी बंद. बाग मोठी आहे, पोरांना खाऊ आणि पाणी जवळ ठेवा.

रानजाई
मला त्या राणीचं वाईट वाटतं. एलिझाबेथ क्रिस्टीन. नवऱ्याने एवढं 'सांसुसी' म्हणजे 'चिंतेविना' नावाचं घर बांधलं आणि तिला तिथे बोलावलं नाही. ती बर्लिनजवळ शोनहाउसेनला राहायची. माझ्या आजीला सासरच्या माडीवर जायची परवानगी नव्हती, फक्त झाडायला. वाड्यांच्या गोष्टी ऐकताना मी आधी विचारते, बायका कुठे बसत होत्या.

कुकरची_शिट्टी
रानजाई, 💛. आजीवर वेगळा धागा काढ ना खरंच.

पंपवाला
तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात काढली म्हणून मला कारंजंच दिसतं. पायथ्याचं मोठं कारंजं राजाच्या हयातीत नीट उडालंच नाही. पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून उताराने आणायचं, कल्पना बरोबर होती, पण लाकडी नळ दाबाला टिकेनात. १८४२ मध्ये हाफेल नदीकाठी वाफेचं इंजिन बसवलं, बोर्सिगचं, सुमारे ८० अश्वशक्तीचं, तेव्हा धार ३८ मीटर गेली. पंपघर मशिदीसारखं बांधलंय, मिनाराच्या आत धुराडं. राजवाडा दीड तासात आटोपला आणि पंपघरासमोर मी अर्धा दिवस उभा होतो. मुलगा वैतागला होता. पण शंभरेक वर्षं अडलेलं काम कोणीतरी पुरं केलं, हे बघायला मी परत जाईन.

हाफेलकाठी
मी इथे पॉट्सडॅमलाच शिकते! आमच्या विद्यापीठाचे वर्ग नव्या राजवाड्यामागच्या इमारतींत भरतात. तो नवा राजवाडा सात वर्षांच्या युद्धानंतर, १७६३ ते ६९, अवाढव्य. राजाला मात्र हे छोटंच घर प्रिय.
आई आली की तिला आधी थडग्यापाशी नेते. त्याने लिहून ठेवलं होतं, मला माझ्या कुत्र्यांशेजारी वरच्या टप्प्यावर पुरा. १७ ऑगस्ट १७८६ ला इथेच आरामखुर्चीत गेला, पण पुतण्याने त्याला चर्चमध्ये राजाच्या बापाशेजारी ठेवलं. ज्या बापाशी आयुष्यभर पटलं नाही त्याच्याच शेजारी! दुसऱ्या महायुद्धात शवपेटी मिठाच्या खाणीत, मग मारबुर्ग, मग होहेनझोलर्न किल्ला. शेवटी १७ ऑगस्ट १९९१ ला, २०५ वर्षांनी, त्याला हवं तिथे. साधी फरशी, त्यावर लोक बटाटे ठेवतात, कारण प्रजेने बटाटा लावावा म्हणून त्याने फर्मानं काढली होती. आईने पिशवीतून बटाटा काढून ठेवला आणि हात जोडले. मी म्हटलं देव नाही तो. म्हणाली, "ज्याची इच्छा इतकी वर्षं राहिली त्याला हात जोडले."

चौकट
@हाफेलकाठी, हे वाचून थांबलो थोडा वेळ. आईंना नमस्कार सांगा.

मांडवीकाठ
आम्ही गोंयचे, काका लिस्बनजवळ असतात. सिंत्राच्या लोकलवर क्वेलुश स्टेशन आहे, तिथला राजवाडाही रोकोको आणि उन्हाळीच. काम सुरू झालं १७४७ मध्ये, म्हणजे तुमचं सांसुसी पुरं झालं त्याच वर्षी. बागेत कालवा, त्याच्या भिंतींना निळ्या-पांढऱ्या फरशा, राजघराणं त्यात नावेतून फिरायचं. आमच्या म्हापशाच्या घरी देवडीला अशाच आझुलेजू फरशा होत्या, चार फुटल्यात. ब्राझीलचा पहिला सम्राट पेद्रू १७९८ मध्ये त्या राजवाड्यात जन्मला आणि १८३४ मध्ये त्याच खोलीत वारला. काका दर पाहुण्याला तिथे नेतात. मी तीनदा गेलोय, तीनदा कालव्यापाशीच बसलो.

कुकरची_शिट्टी
फुटलेल्या फरशा टाकू नका हां, मांडवीकाठ! जपून ठेवा.

घाटमाथा
मूळ प्रश्नाकडे येतो. कृष्णाकाठी ना? मग २०१९ चा पूर विसरू नका. आमच्या मामांचं जोतं अडीच फूट होतं, तरी पाणी आत. कंत्राटदाराचं ऐका आणि बाबांसाठी उतार करा. एकास बारा धरा, म्हणजे तीन फुटांना ३६ फूट. एवढी जागा समोर नसेल तर मध्ये सपाट थांबा देऊन वळवून घ्या. कठडा दोन्ही बाजूंना. फरशी खरखरीत घ्या, चकचकीत नको.

चौकट
@घाटमाथा, ३६ फूट! अंगणात बसेल, चिंचेला वळसा घालून. आज सकाळी बाबांना हा धागा वाचून दाखवला. आईच्या बाकाचा भाग आला तेव्हा ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या राजाच्या दाराशी नदी नव्हती." आणि चुना घेऊन अंगणात उताराची रेघ मारायला गेले.

पंपवाला
रेघ मारली ना, मग पावसाचं पाणी कुठे जाणार तेही आत्ताच बघून घ्या. उताराच्या कडेने पन्हळ काढा.

सासवडकर
आणि दक्षिणेची भिंत रिकामी असेल तर सांगा, अंजिराची रोपं पाठवतो.