किंगफिशला घडवलं कुणी : गावाच्या मातीने की शाळा सुटल्यानंतरच्या वर्गाने?

तिसरी_घंटा

२०२३ च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्रम या अमेरिकन गायक-गिटारवादकाला ऐकलं. (ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं जुनं संगीत.) नुकताच चोवीस पूर्ण केलेला पोरगा, पण गळा पन्नाशीतल्या माणसाचा. त्याच फेस्टिव्हलला ब्लूजमधला बुजुर्ग गिटारवादक बडी गाय हाही होता आणि तरी घरी येताना डोक्यात हाच घोळत होता.

त्यानंतर त्याच्याबद्दल जिथे वाचावं तिथे एकच पालुपद. मिसिसिपीतलं क्लार्क्सडेल हे त्याचं गाव, क्लार्क्सडेल म्हणजे ब्लूजची पंढरी, तिथल्या मातीतच संगीत आहे, मग दुसरं काय होणार!

मला हे मातीचं कौतुक पटत नाही. गावाची वस्ती जेमतेम पंधरा हजार. मातीतच असतं तर निदान शंभरेक किंगफिश हवे होते. तो स्वतः सांगतो की त्याच्या वयाची पोरं रॅप ऐकायची, ब्लूज ऐकणारा हाच एकटा. फरक पडला तो डेल्टा ब्लूज म्युझियममुळे. गावच्या सार्वजनिक वाचनालयाने १९७९ साली सुरू केलेलं हे म्युझियम १९९९ पासून रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे. (१९९९ हे पठ्ठ्याचं जन्मसालही.) तिथे शाळा सुटल्यावर मुलांना वाद्यं शिकवतात, आणि शिकवणारे स्वतः रात्री बँडमध्ये वाजवणारे. किंगफिश आधी ड्रम शिकला, मग बेस, मग गिटार. 'किंगफिश' हे नावसुद्धा तिथल्या बिल 'हाउल-एन-मॅड' पेरी या मास्तरांनी ठेवलेलं. एका जुन्या मालिकेतल्या पात्रावरून चिडवायला ठेवलं आणि तेच चिकटलं.

तर माझं म्हणणं एवढंच की वारसा मातीत नसतो, वेळापत्रकात असतो. कुणीतरी दुपारी दार उघडून बसतं म्हणून तो पुढे जातो. बोला.

खवट_शेंगदाणा

धागाकर्ते, अर्धं बरोबर बोललात. माती नाही हे मान्य. पण वर्गसुद्धा नाही. जाहिरात!

पहिला अल्बम २०१९ चा. काढला कुणी? शिकागोच्या अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्सने. निर्माता आणि बऱ्याच गाण्यांचा सहलेखक टॉम हॅम्ब्रिज, तो नॅशव्हिलचा. दुसऱ्या अल्बमचं नाव काय, तर '६६२'. उत्तर मिसिसिपीचा टेलिफोन कोड! २०२२ ला त्यालाच समकालीन ब्लूजचं ग्रॅमी मिळालं. उद्या सांगलीच्या एखाद्या पोराने '०२३३' नावाचा अल्बम काढला तर आपण हसू की नाही? अमेरिकनांनी केलं की ते मुळांशी नातं.

कापूस संपला, कारखाने गेले, आता गाव स्वतःलाच विकतंय. महामार्ग ६१ आणि ४९ च्या चौकात खांबावर भल्यामोठ्या निळ्या गिटारी लावल्यात. रॉबर्ट जॉन्सन या जुन्या ब्लूज गायकाने इथे सैतानाला आत्मा विकला म्हणे. ही गोष्ट मुळात टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाची, त्याच्या भावाने सांगितलेली. पण खांब उभा आहे, फोटो निघताहेत. अशा गावाला एक जिवंत, तरुण, काळा गिटारवाला हवाच होता. तो मिळाला. चांगला वाजवतो, त्याबद्दल वाद नाही.

मिरजेचा_तानपुरा

०२३३ वाल्यांकडून नमस्कार. हसणार नाही, विकत घेऊ.

तुम्ही दोघंही 'माती' हा शब्द फार शब्दशः घेताय. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जवारी काढायचं, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासायचं काम चालतं. शाळेत जाता-येता ते कानावर पडायचं. मला गाता येत नाही, वाजवताही येत नाही, पण जवारी बसलेली नाही हे मला कळतं. कुणीही शिकवलेलं नाही. मातीचा अर्थ हा: कानाला आधीच ठाऊक असतं की बरोबर म्हणजे काय. मास्तर नंतर येतो.

आणि किंगफिशचं घर विसरलात. चर्चमध्ये गाणारं कुटुंब. कंट्री संगीतातला मोठा गायक चार्ली प्राइड आईच्या नात्यातला. वडिलांनी ब्लूज गायक मडी वॉटर्सवरचा माहितीपट दाखवला तेव्हा पोरगं लहान होतं. म्युझियमच्या दारात तो पाटी कोरी घेऊन गेला नव्हता.

खवट_शेंगदाणा

@मिरजेचा_तानपुरा, अब्दुल करीम खाँ कैरान्याचे. मिरजेत राहिले, मिरजेत पूजले जातात, पण कान तयार झाले ते कैरान्यात. मग मिरजेच्या हवेचं काय करायचं? आणि प्रत्येक गोष्टीला मिरजेची फूटपट्टी लावायलाच हवी का?

मिरजेचा_तानपुरा

फूटपट्टी नाही हो, जवळचं उदाहरण. पण तुमचा टोला बसला. खाँसाहेब बाहेरून आले हे खरंच. मात्र ते आल्यावर गावाचे कान बदलले, आणि पुढच्यांना ते बदललेले कान फुकट मिळाले. क्लार्क्सडेलचंही तसंच. डब्ल्यू. सी. हँडी १९०३ च्या सुमाराला तिथे बँड चालवायला आला तोही बाहेरचाच, अलाबामाचा. जवळच्या टटवायलर स्टेशनात गाडीची वाट बघत असताना एक फाटक्या कपड्यांचा माणूस तारांवर सुरी घासत गिटार वाजवताना त्याने ऐकला. असलं विचित्र संगीत आपण कधी ऐकलं नव्हतं, असं त्याने पुढे लिहून ठेवलंय. मोठ्या बँडच्या मास्तराला स्टेशनातला माणूस शिकवून गेला, तिथे कुठलं वेळापत्रक होतं? (गाडीचं असेल, तीही उशिरा धावत होती.)

मेम्फिसकर

इतका वेळ वाचतोय, आता राहवत नाही. मी मेम्फिसला राहतो, क्लार्क्सडेल दीड तासाच्या आत. तीन-चारदा जाऊन आलोय. तुम्ही सगळे 'वारसा' असं म्हणताय जसं काही आजोबांनी पेटीत जपून ठेवलेलं जरीचं उपरणं आहे.

गावाबाहेर हॉप्सन नावाचा कापसाचा मळा आहे. १९४४ साली तिथे पेरणीपासून गाठी बांधण्यापर्यंतचं सगळं पीक यंत्रांनी काढून दाखवलं. हाताने वेचलेल्या एका गाठीला खर्च यायचा ३९ डॉलर ४१ सेंट, यंत्राने ५ डॉलर २६ सेंट. एवढा एक हिशोब बघा, बाकी सगळा इतिहास त्यातून उलगडतो. राबणाऱ्या काळ्या माणसांची गरजच संपली. जिमसारखे जाचक कायदे आणि मालकाच्या वहीतलं कधीच न फिटणारं कर्ज तर आधीपासून होतंच. लोक इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोला गेले. मडी वॉटर्स १९४३ लाच गेला होता. १९४१ ला अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या संग्राहकाने स्टोव्हॉल मळ्यावरच्या त्याच्या खोपटात जाऊन रेकॉर्डिंग केलं, दोन वर्षांत खोपट रिकामं. गायक सॅम कुक क्लार्क्सडेलचा म्हणून पाटी आहे, पण तो दोन वर्षांचा असतानाच घरचे शिकागोला गेले. संगीतकार आइक टर्नर गाव सोडून गेला. ब्लूज गायक जॉन ली हुकर डेट्रॉइटला गेला.

म्हणजे या गावाचा खरा वारसा गाव सोडण्याचा आहे. किंगफिशच्या पहिल्याच अल्बममध्ये या गावाबाहेर पडण्याचं गाणं आहे, ते ऐका.

आणि हॉप्सनला आज काय आहे? वेठीच्या कुळांची तीच खोपटी पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने देतात. एसी लावलेत. मी राहिलो नाही. बायको म्हणाली, आपल्याकडे वेठबिगारांच्या झोपडीत हनिमून पॅकेज काढलं तर? त्यावर काही बोलता आलं नाही.

तिसरी_घंटा

@मेम्फिसकर, गाठीचा हिशोब माहीत नव्हता. आणि 'जिमसारखे' नव्हे हो, 'जिम क्रो'चे, म्हणजे वर्णभेदाचे कायदे म्हणायचंय ना?

पण तुमच्याच म्हणण्यातून माझा मुद्दा निघतो. सगळे गेले. गावात शिकवायला कोण उरलं? परंपरा तुटायच्या बेतात आली तेव्हाच वर्ग काढावा लागला. जिथे रोज रात्री गल्लीत वाजतं तिथे वर्ग लागत नाही.

मेम्फिसकर

जिम क्रोच. फोनवर टंकतोय, क्रो उडाला.

मान्य, पण तुम्ही वर्गाला जितकं निरागस करताय तितका तो नाही. म्युझियमला गिऱ्हाईक येतं ते बहुतेक गोरं, युरोपातून, जपानमधून. शिकणारी मुलं बहुतेक काळी. मडीच्या खोपटाचे ओंडके आत उभे केलेत, शेजारी झीझी टॉप या रॉक बँडच्या बिली गिबन्सने त्यातल्याच एका फळीची करवून घेतलेली गिटार. बघताना अंगावर काटाही येतो आणि लाजही वाटते. दोन्ही एकदम.

एक अलीकडचं. २०२५ चा 'सिनर्स' हा रायन कूगलरचा सिनेमा १९३२ च्या क्लार्क्सडेलमध्ये घडतो. जगभर गाजला. क्लार्क्सडेलमध्ये लागला नाही, कारण गावात थिएटरच नाही! लोकांनी जाहीर पत्र लिहून विनवलं, तेव्हा मे महिन्यात खास खेळ झाले, दिग्दर्शक स्वतः आला. वारसा जगाचा, थिएटर शेजारच्या गावात.

दुपारची_झोप

मला ब्लूजमधलं ओ की ठो कळत नाही. धागा वाचून काल रात्री दोन्ही अल्बम ऐकले. भांडी घासताना.

एक प्रामाणिक शंका. तुम्ही स्टेशनातला माणूस, सुरी, खोपटं सांगताय. हा तर तसा वाजतच नाही. ढणढणीत इलेक्ट्रिक गिटार, मध्येच पॉपस्टार प्रिन्ससारखं काहीतरी. मग यात क्लार्क्सडेल नेमकं कुठे आहे? आणि रागावू नका, पण गिटार जरा जास्तच बोलते. गाणं सांगत असतो तेव्हा छान, लगेच तीन मिनिटं सोलो.

खवट_शेंगदाणा

+१. भांडी घासत ऐकणाऱ्यांनी पहिला खरा प्रश्न विचारला. प्रिन्स त्याच्या आवडत्यांपैकी आहेच, लपवत नाही तो. ध्वनी जगाचा, वेष्टण गावाचं.

मिरजेचा_तानपुरा

ताई, उत्तर गिटारीत शोधू नका, गळ्यात शोधा. पहिल्या अल्बममध्ये एक संथ, जवळपास एकट्या गिटारीवरचं गाणं आहे, त्यात आजी म्हणते की हा पोरगा आधी येऊन गेलेला आहे. ते ऐका. शब्दाच्या शेवटी स्वर सरळ सोडत नाही, किंचित खाली ओढून ठेवतो. आपल्याकडे मींड म्हणू, पण मींड नव्हे ती. चर्चमध्ये मागच्या बाकावरची म्हातारी माणसं अशी शेवटचा शब्द ओढतात. ते नॅशव्हिलच्या निर्मात्याला सांगून करवून घेता येत नाही.

सोलोंबद्दल मात्र सहमत. वीस मिनिटं कमी केली असती तरी ग्रॅमी मिळालं असतं.

तिसरी_घंटा

सोलोंवरून आपण सगळे एक झालो! धाग्याचं सार्थक.

@खवट_शेंगदाणा, वेष्टणाबद्दल एक सांगतो. त्याने आता स्वतःची कंपनी काढलीय, २०२५ चा 'हार्ड रोड' तिथूनच आला. कंपनीचं नाव रेड झीरो. क्लार्क्सडेलमधल्या दोन ठिकाणांची नावं जोडलीत. एक रेड्स लाउंज, अंधारा, लाल दिव्याचा, जुन्या वळणाचा ज्यूक जॉइंट, म्हणजे गाण्या-नाचाचा गुत्ता. दुसरं ग्राउंड झीरो, मॉर्गन फ्रीमनच्या भागीदारीतला २००१ चा क्लब, पर्यटकांचा. पोरवयात दोन्हीकडे वाजवलंय त्याने. शिकागोच्या कंपनीने गावाचं वेष्टण लावलं म्हणता, मग ती सोडून स्वतःचं दुकान थाटल्यावरही तेच नाव का?

खवट_शेंगदाणा

कारण वेष्टण खपतं हे तो शिकला. :) पण ठीक. एक अस्सल आणि एक पर्यटकांचा, दोन्ही एकाच नावात घेतले हे मला आवडलं. निदान खोटं बोलत नाहीये. अर्धा गुण दिला.

मेम्फिसकर

रेड्सचे मालक २०२३ च्या अखेरीस गेले. त्यानंतर मी गेलो नाही.

शेवटच्या खेपेचं सांगतो, कुणाच्या बाजूने मोजायचं ते तुम्ही ठरवा. म्युझियमच्या मागच्या भागातून ड्रमचा आवाज येत होता. डोकावलो तर दहा-एक वर्षांची मुलगी, पाय पेडलला जेमतेम पुरत होते. एकाच जागी चुकायची. मास्तर काही बोलायचे नाहीत, नुसता बेस थांबवायचे आणि पुन्हा सुरुवातीपासून. सात-आठ वेळा तरी झालं असेल. बाहेर एक जर्मन जोडपं मडीच्या खोपटाचे फोटो काढत होतं, त्यांनी एकदाही तिकडे मान वळवली नाही.

खवट_शेंगदाणा

तिला विचारलंत का, मोठी होऊन इथेच राहणार का म्हणून?

मेम्फिसकर

नाही. बंद व्हायची वेळ झाली होती, आणि तिची आजी दाराशी गाडी सुरू ठेवून हॉर्न वाजवत होती.