"मिस्टर आलेत का बरोबर?" : तुमचे अनुभव लिहा

रातराणी
काल भाचीला दवाखान्यात नेलं होतं. एकोणीस वर्षांची पोर, पाळीत कॉलेजच्या जिन्यात दोनदा मटकन खाली बसली. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद वरवर चाळला नि म्हणाले, "लग्न झालं, एक मूल झालं की थांबतं हे." तेही माझ्याकडे बघून, जिचं दुखतंय तिच्याकडे नाही.

मला २००८ आठवलं. वाक्य तेच, माझ्या जागी आई. लग्न केलं, थांबलं नाही. मग "मूल होऊ द्या". मूलच होईना. २०१६ला दुर्बिणीतून बघितलं तर दोन्ही अंडाशयांत चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताच्या गाठी), आतडं मागे चिकटलेलं. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार. आठ वर्षं मेफ्टाल ही दुखण्यावरची गोळी गिळून ८.१२ची लोकल पकडली आणि घरीदारी नाजूक, नाटकी हे ऐकून घेतलं. ऑपरेशननंतर भुलेच्या डॉक्टरबाई जाता जाता म्हणाल्या, "एवढं घेऊन चालत कशी होतीस गं?" तेव्हा जी रडले!

भाचीला शनिवारी दुसरीकडे नेतेय. बाई म्हणून तुम्हाला काय ऐकावं, सोसावं लागलं ते लिहा. दवाखाना, ऑफिस, टीव्ही, काहीही चालेल.

कैरीचं_लोणचं
सही!!! माझा गर्भ वाढत नव्हता, पिशवी साफ करायची होती. पोटात कळा नि काउंटरवरची बाई "मिस्टरांची सही". मिस्टर दुबईत. शेवटी दिराची चालली!! माझी नाही, दिराची.

वकीलीणबाई
@कैरी, गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. १९७१ पासून. नवऱ्याचीही लागत नाही, दिराचा तर संबंधच नाही. दवाखाने आपल्या डोक्याला ताप नको म्हणून मागतात. पुढच्या वेळी (न येवो) "कुठल्या कलमाखाली ते लिहून द्या" म्हणायचं, फॉर्म गुपचूप आत जातो.

कैरीचं_लोणचं
तेव्हा कुठलं सुचतंय हो. पण धन्यवाद, बहिणीला सांगते.

बांधावरची
तुमच्याकडे निदान थांबा तरी म्हणतात. आमच्या बीडकडं थेट पिशवी काढा. अंगावरून जातंय म्हणून चुलती गेली होती. "कॅन्सर होईल" म्हणून घाबरवलं, तिशीही गाठली नव्हती. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एक जण बसला की खाडा, वर दंड. उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली. मग बाई म्हणते, कटकट काढूनच टाका. २०१९ला बोंब झाली तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हेंची समिती नेमली. ऊसतोडीच्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजारांवर बिनपिशवीच्या. चुलती आता चाळिशीची, कंबर धरून उठते. फडात अजून जाते.

रातराणी
@बांधावरची, काय लिहू कळत नाहीये. चुलतींना कॅल्शियम वगैरे चालू आहे का?

बांधावरची
आशाताई देतात गोळ्या. डब्यात तशाच असतात.

निळीशाई
दवाखाना नाही पण टीव्ही. लहानपणी पॅडच्या जाहिरातीतलं निळं पाणी बघून मला वाटायचं मोठेपणी निळंच येतं. आलं तेव्हा लाल बघून "आई मी मरतेय" 😂 तिने हातात जुन्या साडीची घडी दिली नि लोणच्याला शिवू नको म्हणाली. एवढंच शिक्षण.

कैरीचं_लोणचं
माझ्या नावाला शिवा खुशाल 😄

दोन_डबे
पटकन लिहिते, मीटिंग आहे. २६ आठवड्यांची रजा संपवून आले तर माझं प्रोजेक्ट दुसऱ्याला. "तुलाच सोपं जावं म्हणून." दूध काढायला जागा मागितली तर एचआरने स्टेशनरीच्या खोलीची किल्ली दिली. आतून कडी नाही. एका हाताने पंप, पाठ दाराला टेकवून. एकदा ए-फोरचा गठ्ठा न्यायला शिपाईकाका आले, दार ढकललं, ओशाळले बिचारे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच घरून कडी आणून ठोकली. एचआरचा मेल अजून यायचाय.

गृहस्थ
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? बायको सातव्या महिन्यात, खोलीत खुर्ची एकच. डॉक्टर मला म्हणाले बसा. आणि मी बसलो. ती घरी येईपर्यंत बोलली नाही, मला कारण विचारावं लागलं.

वकीलीणबाई
बसलात ते बसलात, विचारलंतही 🤦‍♀️

दोन_डबे
विषय सोडून: @निळीशाई, तुमच्या त्या भाजणीत धणे किती?

निळीशाई
किलोला मूठभर. भाजून.

रातराणी
शनिवारचं सांगते. नव्या डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसवलं. दार बंद व्हायच्या आत एवढंच ऐकू आलं, "कुठे दुखतं तूच सांग." नि पोरगी वळून माझ्याकडे बघायला लागली. चाळीस मिनिटं आत होती. एमआरआय सांगितलाय, सोमवारी.

कैरीचं_लोणचं
सोमवारी कळव गं. आणि मिस्टरांना नेऊ नकोस 😛