मदत हवी आहे: नववीच्या गणितासाठी इंटरनेटशिवाय सराव

राधानगरी तालुक्यात मराठी माध्यमाच्या नववीला गणित शिकवतो. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडून दाखवले. मुलं व्हिडिओ बघतात, पण वही उघडत नाहीत. गुगल फॉर्मवर चाचणी दिली तर उत्तरं एकमेकांची. घरचा फोन वडिलांबरोबर रात्रीच परततो, म्हणून जे काही करायचं ते शाळेतच. संगणक कक्ष आणि राउटर आहे, पावसाळ्यात इंटरनेटचा मात्र भरवसा नाही (विजेचाही नाही म्हणा). खर्चाला पैसे नाहीत.

एका संगणकावर कोलिब्री (धडे आणि सराव देणारं शैक्षणिक सॉफ्टवेअर) टाकून बाकीचे संगणक त्याला जोडायचा विचार आहे. ते इंटरनेटशिवाय चालतं आणि कोणी काय सोडवलं हे शिक्षकाला दिसतं. राज्य मंडळाच्या नववीशी जुळणारे मराठी सराव प्रश्न त्यात आयते मिळतात, की कोलिब्री स्टुडिओत स्वतः तयार करावे लागतात?