मालकांनी क्लबच उचलून दुसऱ्या गावी नेला, तर चाहत्यांनी करायचं काय?

ऑफसाइड_अण्णा

एएफसी विम्बल्डन आणि एमके (म्हणजे मिल्टन कीन्स) डॉन्स या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांमधली खुन्नस वरवर माहीत आहे. मूळ विम्बल्डन एफसी मालकांनी लंडनहून मिल्टन कीन्सला नेला आणि चाहत्यांनी चिडून नवा क्लब काढला. पण लीगने हे होऊच कसं दिलं? आणि 'नवा क्लब काढला' म्हणजे नेमकं काय काय केलं? कुणीही उठून क्लब काढू शकतो का? मूळ क्लबने जिंकलेला १९८८ चा एफए कप (एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना) आता कुणाच्या नावावर धरायचा? इंग्लंडबाहेर असं झालं तेव्हा लोकांनी वेगळा मार्ग काढला का, तेही सांगा. निष्ठेवरची भाषणं नकोत, कागदोपत्री काय घडलं ते हवंय.

कोपऱ्यातली_किक

सुरुवात २००१ पासून करू नका, मैदानापासून करा. क्लब हलतो तो शेवटी. त्याच्या पायाखालची जमीन आधी गेलेली असते.

विम्बल्डनचं जुनं मैदान प्लाऊ लेन. १९५९ मध्ये क्लबने ती जमीन स्थानिक पालिकेकडून विकत घेतली तेव्हा खरेदीखतात अट होती की खेळासाठीचा वापर थांबला तर पालिकेला ती परत घेता येईल. पुढे क्लबने पालिकेला पैसे मोजून ती अट काढून टाकली. त्या दिवशी मैदान 'मैदान' राहिलं नाही, बांधकामाचा भूखंड झालं. हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर टेलर अहवालाने वरच्या पातळीवरच्या मैदानांत सगळीकडे खुर्च्या सक्तीच्या केल्या. तो खर्च प्लाऊ लेनवर करण्यापेक्षा बरं म्हणून १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. 'तात्पुरतं' म्हणून. १९९८ मध्ये प्लाऊ लेन एका सुपरमार्केट कंपनीला विकलं गेलं. मधल्या काळात क्लब थेट डब्लिनला न्यायचंही घाटत होतं.

मे २००० मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला आणि टीव्हीचे पैसे आटले. ऑगस्ट २००१ मध्ये मिल्टन कीन्सची घोषणा झाली. अंतर सुमारे ९० किलोमीटर. तिकडे स्टेडियमसोबत मोठी दुकानं उभी करायची योजना होती, आणि तेवढ्या मोठ्या स्टेडियमला शोभेल असा लीगमधला क्लब गावात नव्हता. तळापासून वर चढत यायला वेळ लागतो, म्हणून तयार क्लब आणायचा.

लीगने आधी साफ नकार दिला होता, हे लोक विसरतात. क्लब लवादात गेला, लवादाने फेरविचार करायला सांगितलं, लीगने चेंडू एफएकडे ढकलला आणि एफएने तीन जणांचा स्वतंत्र आयोग नेमला. २८ मे २००२ ला आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. आधार मुख्यतः एकच: नाही हलवला तर क्लब बुडेल. गंमत अशी की परवानगी मिळूनही जून २००३ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेलाच. सप्टेंबर २००३ मध्ये तो मिल्टन कीन्सच्या हॉकी स्टेडियमवर खेळू लागला आणि २००४ मध्ये नाव बदलून एमके डॉन्स झाला.

त्याच आयोगाने चाहत्यांच्या नव्या क्लबच्या कल्पनेबद्दल लिहिलं होतं की ते फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. विम्बल्डनच्या लोकांना हे वाक्य आजही तोंडपाठ असतं.

एक_सभासद_एक_मत

नवा क्लब कसा काढतात ते सांगतो. आयोगाचा निकाल २८ मेचा, नव्या क्लबची स्थापना ३० मेची. दोन दिवसांत हे जमलं कारण संघटना आधीपासून उभी होती. चाहत्यांची स्वतंत्र संघटना होती आणि डॉन्स ट्रस्टही होता. निकाल लागल्यावर मंडळी जमवायला बसलात तर हंगाम हातचा जातो, कारण लीगच्या अर्जाची मुदत कुणासाठी थांबत नाही.

पहिलं ठरवायचं ते कायदेशीर रूप. डॉन्स ट्रस्ट ही नोंदणीकृत सहकारी स्वरूपाची संस्था आहे. कुणी कितीही पैसे घातले तरी मत एकच, आणि नफा सभासदांत वाटता येत नाही. साधी खाजगी कंपनी काढली तर पाच वर्षांनी कुणी शेअर गोळा करून पुन्हा तोच खेळ करू शकतो. मैदान विकणं, नाव बदलणं असले निर्णय सभासदांच्या मताशिवाय होणार नाहीत, हे संस्थेच्या नियमांतच लिहून ठेवायचं. तोंडी आश्वासनं प्रत्येक मालक देतो.

मग लीग. लीगमधली जागा ही जुन्या कंपनीची मालमत्ता असते, चाहत्यांची नाही. म्हणून रिकाम्या हाताने निघालेल्यांना जी लीग घेईल तिथून सुरुवात. विम्बल्डनला कंबाइन्ड काउंटीज लीगने घेतलं, म्हणजे वरून मोजली तर नववी पातळी. अर्ज करताना खेळायला मान्यताप्राप्त मैदान दाखवावं लागतं. किंग्समेडो हे किंग्स्टोनियन क्लबचं मैदान, तिथे भाड्याने सोय झाली आणि २००३ मध्ये शेअर विक्रीतून पैसे उभे करून त्याचा ताबा विकत घेतला.

खेळाडू? २९ जून २००२ ला विम्बल्डन कॉमनवर खुली निवड चाचणी झाली, २३० जण आले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पहिला मैत्रीपूर्ण सामना: सटन युनायटेडकडून ४-० ने हार, प्रेक्षक ४,६५७. निकाल कुणाला आठवत नाही, आकडा सगळ्यांना आठवतो.

पहिल्याच हंगामात वर जाऊ, असं वाटलं होतं. संघ तिसरा आला आणि वर गेला नाही, कारण खालच्या लीगमध्ये वर जाण्याच्या जागा एक-दोनच असतात. पुढे फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ सलग ७८ लीग सामने अपराजित, हा इंग्लंडच्या प्रौढ फुटबॉलमधला विक्रम आहे. बढत्या २००४, २००५, २००८, २००९ आणि २०११ अशा मिळाल्या. शेवटची ल्युटनविरुद्ध, पेनल्टी शूटआउटवर. नऊ हंगामांत पाच.

वेगापेक्षा कारकुनी जास्त नडते. २००६-०७ मध्ये वेल्समधल्या क्लबकडून आलेल्या एका खेळाडूचं आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र राहून गेलं. वेल्सची संघटना वेगळी, त्यामुळे शेजारून आलेला माणूसही 'परदेशातून' आलेला धरतात. शिक्षा: १८ गुण कापले. अपिलात ती ३ गुणांवर आली, पण एफए ट्रॉफी या खालच्या पातळीवरच्या क्लबांच्या स्पर्धेतून बाहेर काढलं ते काढलंच. स्वयंसेवकांच्या क्लबमध्ये नोंदणीचा कागद बघायला एक खडूस माणूस कायमचा बसवा.

ऑफसाइड_अण्णा

झकास, पण एक शंका. जुना क्लब हलण्याआधी बहिष्कार टाकला तर नुकसान संघाचंच ना? आणि स्टँड रिकामा दिसला की मालक म्हणणार, "बघा, इथे कुणी येतच नाही."

पावसातला_स्टँड

शंका रास्त आहे, आणि मालक अगदी हेच म्हणतात. म्हणून बहिष्काराला वेळ आणि अट लागते. विम्बल्डनमध्ये बहिष्कार पूर्ण झाला तो आयोगाचा निकाल लागल्यानंतर. ऑक्टोबर २००२ मध्ये रॉदरहॅमविरुद्ध सेलहर्स्टवर अवघे ८४९ प्रेक्षक होते. ही दुसऱ्या पातळीवरची लढत होती, हे लक्षात घ्या. त्याच हंगामात नवव्या पातळीवरच्या नव्या क्लबची सरासरी ३,००० च्या आसपास होती. इथे बहिष्कार क्लब वाचवायला नव्हता, तो तर गेलाच होता. तिकिटाचे पैसे आणि आवाज नव्या जागी वळवायला होता.

क्लब अजून परत येऊ शकत असेल तर गणित वेगळं. कोव्हेंट्री सिटी २०१३-१४ मध्ये भाड्याच्या भांडणातून नॉर्दॅम्प्टनच्या सिक्सफील्ड्सवर गेला, सुमारे ५५ किलोमीटरवर. घोषणा होती 'यापुढे एक पेनीही नाही'. बरेच लोक तिकडे जायचे, पण आत जायचे नाहीत. स्टेडियमबाहेरच्या टेकडीवर उभं राहून सामना बघायचे. म्हणजे संघाला साथ दिसायची आणि मालकाच्या गल्ल्यात काही पडायचं नाही. आदल्या हंगामात १० हजारांवर असलेली सरासरी अडीच हजारांच्या खाली आली. सप्टेंबर २०१४ मध्ये क्लब परतला तेव्हा पहिल्या सामन्याला २७ हजारांवर लोक होते, त्यामुळे 'इथे कुणी येत नाही' हा मुद्दाच निकालात निघाला.

यात फूट पडते, ती गृहीत धरा. काही जण आत जाणारच, त्यांच्यावर गद्दारीचा शिक्का मारू नका. परतल्यावर त्याच लोकांशेजारी उभं राहायचं असतं.

थ्रो_इन_तात्या

इंग्लंडबाहेरचं.

कोलंबस क्रू, अमेरिका. ऑक्टोबर २०१७ मध्ये मालक अँथनी प्रीकोर्टने क्लब ऑस्टिनला नेण्याची शक्यता जाहीर केली. २०१३ च्या खरेदी करारात क्लब कोलंबसमध्येच ठेवायचं बंधन होतं आणि त्यात ऑस्टिनपुरता अपवाद होता, हे नंतर बाहेर आलं. म्हणजे बीज पहिल्या दिवसापासून. तिथे खालून वर चढायची व्यवस्थाच नाही, त्यामुळे 'नवा क्लब काढून नवव्या पातळीवरून येऊ' हा मार्ग बंद होता. जे करायचं ते क्लब असतानाच.

कामी आला एक जुना कायदा. क्लीव्हलँड ब्राउन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ बाल्टिमोरला गेल्यावर ओहायो राज्याने १९९६ मध्ये नियम केला: करदात्यांच्या पैशाने आधार मिळालेल्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला हलायचं असेल तर एकतर शहराची संमती घ्यावी, नाहीतर सहा महिन्यांची सूचना देऊन स्थानिकांना विकत घेण्याची संधी द्यावी. मार्च २०१८ मध्ये राज्य आणि शहर दोघांनी याच आधारावर दावा लावला. खटल्याचा अंतिम निकाल लागायची गरजच पडली नाही. वेळ मिळाला, तेवढ्यात स्थानिक खरेदीदार उभे राहिले आणि डिसेंबर २०१८ मध्ये तत्त्वतः करार झाला. प्रीकोर्टला ऑस्टिनमध्ये वेगळा, नवा क्लब मिळाला. क्रूने २०२० मध्ये लीगही जिंकली.

दक्षिण कोरियात आन्यांगचा एलजी चीताज २००४ मध्ये सोलला गेला आणि एफसी सोल झाला. आन्यांगमध्ये नवा क्लब उभा राहायला २०१३ उजाडलं, तोही शहराच्या आधाराने. २०२४ मध्ये दुसरी पातळी जिंकून तो एफसी सोलच्याच लीगमध्ये पोचला. यात एक मेख आहे: चीताज मुळात सोलमधूनच १९९६ मध्ये आन्यांगला आला होता, त्यामुळे सोलवाले याला 'घरवापसी' म्हणतात. आठ वर्षांत गाव आपलं होतं का? आन्यांगवाल्यांना विचारा.

जुना_स्कोअरबोर्ड

कपाचं उत्तर. कागदोपत्री एमके डॉन्स हाच जुना क्लब पुढे चालू होता, आणि सुरुवातीला तो इतिहास ते आपलाच सांगत. ऑक्टोबर २००६ मध्ये इंग्लंडच्या चाहत्यांच्या महासंघाच्या मध्यस्थीने समझोता झाला: एमके डॉन्सने २००४ आधीच्या इतिहासावरचा दावा सोडला. २००७ मध्ये एफए कपची प्रतिकृती आणि इतर मानचिन्हं मर्टन पालिकेकडे, म्हणजे विम्बल्डन ज्या भागात येतं तिच्याकडे गेली. एएफसी विम्बल्डनकडे नाही, हे नीट वाचा. कप गावाकडे गेला.

'डॉन्स' हे जुन्या विम्बल्डनचं टोपणनाव मात्र तिकडेच, एमके डॉन्सकडे राहिलं, आणि भांडण अजून त्यावरच आहे. २०१७ मध्ये पाहुण्या एमके डॉन्सचं नाव नीट न लावल्याबद्दल लीगने एएफसी विम्बल्डनवर आरोप ठेवले होते, ते नंतर मागे घेतले.

एक कडू गोष्टही सांगून टाकतो. किंग्समेडो हे मैदान किंग्स्टोनियनने १९८९ मध्ये स्वतःसाठी उभारलेलं. त्यांच्या आर्थिक पडझडीत ते हातातून गेलं आणि एएफसी विम्बल्डन त्यांचे घरमालक झाले. प्लाऊ लेनला परतायच्या खर्चासाठी विम्बल्डनने किंग्समेडो चेल्सीला विकलं आणि २०१७ मध्ये किंग्स्टोनियन बेघर झाले. मोबदला दिला, सगळं नियमात झालं, तरी बेघर ते बेघरच.

एक_सभासद_एक_मत

स्कोअरबोर्ड, मान्य. आमच्यात यावर फारसं कुणी बोलत नाही.

प्लाऊ लेनचा हिशोबही सोपा नव्हता. नवं मैदान जुन्यापासून दोन-तीनशे मीटरवर, कुत्र्यांच्या शर्यतीच्या जागेवर. २०१९ च्या अखेरीस बांधकामाच्या पैशात मोठी तूट निघाली आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांना शेअर देऊन टाकायचा प्रस्ताव आला. सभासद बिथरले. रोखे काढून ५० लाख पौंडांहून जास्त उभे केले आणि बहुमत ट्रस्टकडेच राहिलं. पहिला सामना ३ नोव्हेंबर २०२०, डॉन्कास्टरशी २-२, करोनामुळे रिकाम्या स्टँडसमोर.

ऑफसाइड_अण्णा

शेवटचं: आज इंग्लंडमध्ये कुणी पुन्हा असं करू शकेल?

कोपऱ्यातली_किक

अवघड झालंय. २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने स्वतंत्र नियामक आला. वरच्या पाच पातळ्यांवरच्या क्लबला मैदान विकायला किंवा हलवायला त्याची मंजुरी लागते. नाव बदलायला एफएची संमती लागते, आणि चिन्ह किंवा घरच्या जर्सीचा मुख्य रंग बदलायचा तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागतो.

पाचव्या पातळीखालच्या क्लबांच्या चाहत्यांनी २०११ च्या लोकॅलिझम कायद्याचा आधार घ्यावा. २१ स्थानिक लोकांचा गटही मैदान 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून नोंदवायला पालिकेकडे अर्ज करू शकतो. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाने विकायला काढलं की सहा आठवड्यांत गटाने 'आम्हाला बोली लावायची आहे' असं कळवायचं, मग मूळ सूचनेपासून सहा महिने विक्री थांबते. मालकाने तुम्हालाच विकावं असं बंधन नाही, फक्त वेळ मिळतो. पाच वर्षं संपत आली की नोंद पुन्हा करा. विसरलात की मैदान पुन्हा साधा भूखंड.